लेझरआधी केस कशाने काढायचे: वॅक्स, क्रीम, ट्रिमर की रेझर?

केस काढायच्या लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगात शोषला जातो, केस तापतो आणि ती उष्णता मुळाला मारते. म्हणून मुळाशी केस शाबूत हवा, त्वचेच्या वर मात्र नको. साधन निवडायचं ते यावरूनच.

वॅक्स, थ्रेडिंग, एपिलेटर आणि चिमटा केस मुळासकट उपटतात. मग लेझरने तापवायचं काय? सेशन वाया जातं. ही साधनं 4 ते 6 आठवडे आधीच थांबवा, दोन सेशनच्या मधेही वापरू नका. ब्लीचने मूळ राहतं पण रंग उडतो, म्हणजे तेही नकोच.

हेअर रिमूव्हल क्रीम मुळाला हात लावत नाही. पण केस विरघळवणारं रसायन त्वचेलाही झोंबतं, आणि चुरचुरत्या त्वचेवर लेझर भाजू शकतो. आदल्या दिवशी तर अजिबात लावू नका.

ट्रिमर सौम्य, पण बारीक खुंट मागे ठेवतो. ते त्वचेवरच जळतात आणि भोवती चटका बसतो. रेझरने पुरळ उठत असेल तर ट्रिमर फिरवून जा, उरलेलं क्लिनिकमध्ये काढून घ्या.

बाकी सगळ्यांसाठी रेझरच, साधारण 12 ते 24 तास आधी. 2-3 मिनिटं कोमट पाण्याने भिजवा, जेल लावा, नवं ब्लेड केसांच्या दिशेनेच, दाब न देता फिरवा. मग उलट बोट फिरवून पाहा: खरखर लागली तर पुन्हा एकदाच हलका हात. कापलं तर क्लिनिकमध्ये सांगा, ती जागा वगळावी लागेल. चेहऱ्यावर रेझर फिरवल्याने केस दाट होत नाहीत. टोक बोथट होतं म्हणून ते राठ लागतात, इतकंच.

त्वचा उन्हाने रापली असेल तर मात्र कुठलंही साधन उपयोगाचं नाही, तारीखच पुढे ढकला. रापलेल्या त्वचेतलं मेलॅनिनही (रंग देणारं द्रव्य) प्रकाश शोषतं, त्यातून फोड आणि डाग येतात. मुळातच सावळ्या किंवा गडद त्वचेला 755 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अलेक्झांड्राइट लेझरपेक्षा 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर सुरक्षित. कोणतं मशीन वापरणार ते आधीच विचारा.

लेझर दुखू नये म्हणून बधिर करणारी क्रीम घरून पाय-पाठभर फासून वर प्लास्टिक गुंडाळू नका. त्यातलं लिडोकेन रक्तात उतरून झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात.