पट्टा उशिरा देणारा क्लास

मुलामुलींसाठी कराटेचा क्लास शोधणाऱ्या कोल्हापूरच्या पालकांसाठी हे लिहितोय. राजारामपुरीत एका शाळेच्या सभागृहात हा क्लास भरतो, शोतोकान पद्धतीचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा ते आठ. फी महिन्याला ८०० रुपये. माझी मुलगी चौथीत असल्यापासून तिथं जाते, आता सहावीत आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: शिकवणं उत्तम, शिस्त खरी, आणि घाई करणाऱ्या पालकांना इथं अजिबात भीक घातली जात नाही.

मी स्वतः तालमीत घडलेला माणूस. पहाटे उठून हौद्यातली माती उकरायची, मग जोर, बैठका, मग लढत, आणि हे सगळं वस्तादांच्या नजरेखाली. त्यामुळं कुठलाही खेळ शिकवणारा माणूस दिसला की माझी नजर आधी त्याच्या डोळ्यांकडं जाते. तो पोरांकडं बघतोय की दाराशी उभ्या असलेल्या पालकांकडं? इथले सर पोरांकडं बघतात. पालकांनी मागच्या बाकावर बसायचं, मोबाईल बंद ठेवायचा, मध्येच पोराला हाक मारायची नाही. पाणी पाजायला उठलेल्या एका आईला सरांनी शांतपणे सांगितलं, "ताई, बसा. तहान लागली तर तो मला विचारेल." आणि त्या सात वर्षांच्या पोरानं खरंच हात वर करून विचारलं.

क्लास सुरू होण्याआधी सभागृह झाडून ओल्या फडक्यानं पुसतात. हे काम नव्या पोरांवर ढकललेलं नाही. तपकिरी पट्ट्याची कॉलेजातली मुलंही फडकं घेऊन वाकलेली दिसतात. मग पट्ट्याच्या क्रमानं रांग, गुडघे मोडून बसणं, 'मोकुसो' म्हटल्यावर डोळे मिटून शांत बसणं, आणि मग समोर, सरांना, एकमेकांना वाकून 'रेई'. तालमीत पाऊल टाकताना आम्ही माती कपाळाला लावायचो. ते ज्याला ठाऊक आहे त्याला या वाकण्याचं नवल वाटणार नाही.

पहिला अर्धा तास किहोन, म्हणजे मूळ हालचाली. ठोसा, अडवणूक, लाथ, आणि पाय रोवून उभं राहणं. इच, नी, सान, शी मोजत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा. बाकावरून बघणाऱ्याला कंटाळा येईल. पण सर चुका कशा काढतात ते नीट बघा. एका वेळी एकच चूक. माझ्या मुलीचा 'गेदान बाराई' चुकत होता. हा खालचा वार अडवायचा हात. मूठ आधी विरुद्ध खांद्यापाशी यायला हवी आणि तिथून खाली उतरायला हवी. ती थेट खालीच हात झटकायची. शिवाय तिची नजर खाली जायची, मागचा गुडघा वाकायचा आणि दुसरा हात कमरेशी परत येत नव्हता. सरांनी यातलं काहीच काढलं नाही. समोर येऊन म्हणाले, "मूठ आधी खांद्यापाशी. बाकी सगळं राहू दे." अख्खा आठवडा तेवढंच. पुढच्या आठवड्यात दुसरा हात: "हिकिते कुठं आहे तुझा? कमरेला आण." जो हात वार करत नाही तो मागं खेचल्यानं कंबर वळते आणि ठोशात जोर येतो. ती कमरेची कळ कुस्तीतही तीच आहे, पण मला ती कुणी इतकी सोपी करून सांगितली नव्हती.

उभं राहण्याची परीक्षा तर बघण्यासारखी. झेनकुत्सु दाचीमध्ये पुढचा पाय वाकलेला, मागचा ताठ, दोन्ही पायांत कमरेइतकी रुंदी, आणि साधारण ६० टक्के भार पुढच्या पायावर. पोरं पुढं सरकताना हमखास एका रेषेत पाय टाकतात. सर आवाज चढवत नाहीत. बाजूनं येऊन खांद्याला दोन बोटं लावतात. पोर डगमगलं की त्याला आपलं आपल्यालाच कळतं पाय कुठं चुकला ते. तो पाय सरकवतो, सर पुन्हा दोन बोटं लावतात, या वेळी तो हलत नाही. सर काही न बोलता पुढच्या पोराकडं जातात.

मुलींच्या पालकांसाठी मुद्दाम सांगतो. मुलींच्या कमरेची, गुडघ्याची ठेवण सुधारायची असेल तर काळ्या पट्ट्याची एक ताई ते काम करते. सर फारतर खांद्याला किंवा मनगटाला बोट लावतात, तेही आधी सांगून. हा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या पालकांसमोर मुलांना सांगितला, आणि तो मोडला तर घरी जाऊन सांगायचं, हेही सांगितलं. प्रत्येक क्लासमध्ये हे व्हायला हवं.

मग काता, म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचालींची साखळी. नवशिक्यांचा पहिला काता हेइआन शोदान, २१ हालचालींचा. जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावरच्या शाळांमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शिकवायला लागले तेव्हा तिथले कराटेचे गुरू आन्को इतोसू यांनी मुलांना झेपतील असे पाच काता बसवले, त्यांतलाच हा. पुढं १९२२ मध्ये त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी यांनी टोकियोला जाऊन प्रात्यक्षिकं दाखवली आणि कराटे जपानभर पसरलं. फुनाकोशी स्वतः शाळामास्तर होते. इतोसूंच्या मांडणीतला दुसरा काता पहिल्यापेक्षा सोपा, म्हणून फुनाकोशींनी दोन्हींची अदलाबदल केली आणि सोपा आधी घेतला. सरांनी ही गोष्ट पोरांना सांगितली तेव्हा मी बाकावर होतो, आणि मला मनापासून आवडली. शिकणाऱ्याला आधी काय झेपेल याचा विचार करणाऱ्या माणसाच्या हातून हा खेळ पुढं गेला, हे पोरांना कळायला हवं.

हेइआन शोदान जिथून सुरू होतो तिथंच संपायला हवा. सरांनी फरशीवर रंगीत चिकटपट्टीची छोटी फुली मारली आहे. पोरानं फुलीवर उभं राहायचं, डावीकडं वळून सुरुवात करायची, नवव्या आणि सतराव्या हालचालीला पोटातून 'किआई', म्हणजे आरोळी, द्यायची, आणि शेवटी जिथं थांबेल तिथं खाली बघायचं. एखादं पाऊल आखूड पडलं असेल तर फुली फूटभर लांब दिसते. मग सर विचारतात, "कुठलं पाऊल खाल्लंस?" पोरं स्वतःच शोधतात. माझी मुलगी घरी हॉलमध्ये खडूनं फुली मारून हेच करते. सोफा सरकवावा लागतो, पण ते मी आनंदानं करतो.

आता पट्ट्याचं. याआधी मुलगी शहरातल्या दुसऱ्या एका क्लासला जात होती. तिथं ठराविक महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेची वेगळी फी, पट्ट्याचे वेगळे पैसे, प्रमाणपत्राचे वेगळे, आणि बसलेलं प्रत्येक पोर पास. वर्षभरात पट्ट्यांचे रंग बदलत गेले आणि पोरीला नीट मूठ वळता येत नव्हती. अंगठा बोटांच्या आत! तशा मुठीनं कुठं ठोसा मारला असता तर अंगठा मोडून घेतला असता.

या क्लासमध्ये आल्यावर तिला पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात करायला लावली. ती रडली. मी सरांशी बोलायला गेलो. ते म्हणाले, "दादा, जुना पट्टा कपाटात जपून ठेवा, तो तिचाच आहे. इथं मात्र मला ती पहिल्यापासून बघायची आहे." पुढं पिवळ्या पट्ट्यानंतरच्या परीक्षेलाही त्यांनी तिला बसू दिलं नाही. काता पाठ होता, पण लाथ मारताना टेकलेल्या पायाची टाच उचलत होती. त्यांनी हे मला नाही, तिला सांगितलं. खाली बसून, तिच्या डोळ्यांत बघून, काय चुकतंय आणि ते सुधारायला रोज काय करायचं ते. भिंतीला हात लावून सावकाश दहा लाथा उजव्या, दहा डाव्या, टाच जमिनीवर. पुढच्या परीक्षेत ती बसली आणि पास झाली. त्या दिवशी घरी येऊन तिनं पट्टा स्वतः बांधून दाखवला, दोन्ही टोकं सारखी. अशा पट्ट्याला किंमत असते.

काळा पट्टा म्हणजे शेवट असा आपल्याकडं फार जणांचा समज आहे. हे पट्टे आणि 'दान', म्हणजे काळ्या पट्ट्यातल्या पायऱ्या, ज्युदोतून आले, आणि फुनाकोशींनी आपल्या शिष्यांना पहिले काळे पट्टे दिले ते १९२४ मध्ये. 'शोदान' ही पहिली पायरी, तिथून पुढं वरचे दान सुरू होतात. 'किती वर्षांत ब्लॅक बेल्ट?' असं विचारणाऱ्या पालकांना सर आकडा सांगत नाहीत. ज्यांना आकडा हवाच आहे त्यांनी या क्लासला येऊ नये.

कुमिते, म्हणजे प्रत्यक्ष लढत, नवशिक्यांना लवकर देत नाहीत. आधी ठरवून दिलेले वार: एकानं सांगून मारायचं, दुसऱ्यानं मागं सरत अडवायचं. माझ्यासारख्या कुस्तीवाल्याला सगळ्यात जास्त शिकवून गेलेली गोष्ट इथंच आहे. कुस्तीत पकडलं की सोडायचं नाही, पाठ टेकेपर्यंत. इथं पूर्ण वेगानं निघालेला ठोसा समोरच्याच्या नाकापुढं थांबवायचा असतो. स्पर्धेच्या नियमांतही तसंच. ठोशाला एक गुण, अंगावरच्या लाथेला दोन, डोक्यावरच्या लाथेला तीन, पण जोरात लागलं तर गुण राहिले बाजूला, ताकीद मिळते. एकदा एका दांडग्या मुलानं धाकट्याला मुद्दाम लागेल असा ठोसा मारला. सरांनी दोघांना थांबवलं, धाकट्याचा गाल बघितला, आणि दांडग्याला उरलेला वेळ त्याच धाकट्याच्या समोर नुसतं अडवायला उभं केलं. धाकट्यानं मारायचं, यानं फक्त अडवायचं. ओरडणं नाही, शिव्या नाहीत, पालकांना फोन नाही. जाताना दांडग्यानं वाकून 'रेई' केली आणि धाकट्याची बॅग उचलून दिली. तालमीत असं प्रकरण झालं असतं तर वस्तादांचा हात पडला असता. मी वस्तादांना देव मानतो, पण त्या संध्याकाळी सरांचं मला जास्त पटलं.

शेवटी पाच वचनं म्हणतात: चारित्र्य घडवणं, प्रामाणिक राहणं, प्रयत्न करणं, दुसऱ्याचा मान राखणं, आणि अंगातली रग आवरणं. जपानीत एकसुरात, आणि नंतर एखाद्या मुलाला उभं करून मराठीत. मराठीत सांगताना पोकळ पाठांतर चालत नाही. "या आठवड्यात मान कुणाचा राखलास?" असं सर विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. एक मुलगा म्हणाला, रिक्षावाल्या काकांना. कसा ते त्याला सांगता येईना, सर थांबलेच. शेवटी तो म्हणाला, दार आपटलं नाही.

न पटलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. उशिरा येणाऱ्याला मुठींवर जोर काढायला लावतात. मोठ्यांना ठीक, पण आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या कोवळ्या मुठी कडाप्प्याच्या फरशीवर नकोत. मी हे सरांना सांगितलं. त्यांनी लहानांसाठी तळहातावर जोर सुरू केले, तरी मुळात उशीर पोराचा नसतो, गाडी चालवणाऱ्या बापाचा असतो. सभागृहात पंखे दोनच आहेत, एप्रिल-मेमध्ये पोरं घामानं निथळतात. मुलींना कपडे बदलायला वेगळी खोली नाही, घरूनच गणवेश घालून यावं लागतं. मॅट नाहीत, आणि सर पडण्याचं तंत्र फरशीवर शिकवतच नाहीत, हे मला बरोबर वाटतं, पण मॅट घ्यायलाच हव्यात. पालकांनी वर्गणी काढावी, मी पहिला देईन. आणि परीक्षेची फी, हातमोजे, नडगीची पॅडं यांचा खर्च पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यावा. लपवाछपवी काही नाही, पण हातावर पोट असलेल्या घराला ते आधी कळलेलं बरं.

स्पर्धांचं वेड असलेल्यांनी एक लक्षात घ्यावं. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, कराटे खेळवलं गेलं, २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हतं. सर हे स्वतःच सांगतात. दहावीच्या सवलतीच्या गुणांची चौकशी करायला आलेल्या एका गृहस्थांना ते म्हणाले, "मिळाले तर आनंद आहे, पण त्यासाठी आणू नका पोराला." जिल्ह्याच्या स्पर्धांना ते मुलांना नेतात, पण ज्यांची तयारी झाली आहे त्यांनाच.

नाव घालण्याआधी एक बुधवार मोकळा ठेवा आणि दीड तास मागच्या बाकावर बसा. त्याचे पैसे नाहीत. मुलालाही सोबत आणा, पण त्या दिवशी त्यानं नुसतं बघायचं. गणवेशाची घाई करू नका, पहिला महिना साध्या ट्रॅकपँटवर चालतो. नखं कापलेली हवीत, कानात, गळ्यात काही नको. आणि सव्वासहाला या, फडकी तेव्हाच वाटतात.