कुंडीत काय भरावं: लाल माती की कोकोपीट?

कोकणात राहून कुंडीसाठी काहीतरी विकत आणून भरायचं, हे आमच्या आईला आजही पटत नाही. पण रत्नागिरी-चिपळूणच्या फ्लॅटमध्ये अंगण नाही, माती आणायची कुठून हा प्रश्न खरा आहे, आणि नर्सरीत कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या दाबलेल्या भुश्याची, हलकी वीट हातात घेतली की सगळं सोपं वाटतं. मी दोन्ही वापरलंय. आधी लाल माती, मग चार वर्षं कोकोपीट, आणि आता पुन्हा लाल माती. घर गुहागरकडे, समुद्र दहा मिनिटांवर, कुंड्या तीसेक: मोगरा, अबोली, मिरची, कढीपत्ता, दोन अनंत. माझं म्हणणं एवढ्यापुरतंच धरावं.

वजनाचा मुद्दा आधी मिटवतो. पाच किलोची वीट भिजवली की फुगून साठ-सत्तर लिटर होते. बारा इंची कुंडी ओल्या लाल मातीने भरली तर मला कंबर सांभाळून उचलावी लागते. कोकोपीटची तीच कुंडी सातवीतली मुलगी पडवीतून अंगणात नेते. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, ग्रिलला कुंड्या टांगायच्या असतील, तर कोकोपीट घ्या. तिथे माझा काहीच वाद नाही. मिरची-वांग्याचं बी रुजवायलाही तेच उजवं. तण येत नाही, मुळं खाणारी हुमणी अळी येत नाही, कोवळं मूळ सरळ खाली जातं.

लाल मातीचे दोष मी लपवणार नाही. आपली माती जांभ्याची. युगानुयुगांच्या पावसाने तिच्यातला चुना, पोटॅश धुऊन नेलाय आणि लोह, अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलंय. म्हणून ती लाल, म्हणूनच आम्लधर्मी, आणि स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवते, झाडाला सहज देत नाही. जांभ्याला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकॅननने १८०७ मध्ये दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून, कारण खाणीत मऊ असलेला चिरा वाऱ्यावर कडक होतो. कुंडीत नुसती लाल माती भरून बघा, मार्चपर्यंत तिचीही वीटच झालेली असते. खुरपं आत जात नाही. त्यामुळे माती नुसती कधीच भरू नये. माझं माप असं: दोन घमेली चाळलेली माती, एक घमेलं पूर्ण मुरलेलं शेणखत, एक घमेलं नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे आणि भाताचं तूस मिळून, वर मूठभर चुलीतली राख. राखेने आंबटपणा थोडा उतरतो. वाळू घालायचीच तर व्हाळाची, म्हणजे ओढ्याची घाला. समुद्राची फुकट मिळते, पण तिच्यातलं मीठ मुळांना भोवतं.

पावसाळ्यात दोघांचीही परीक्षा होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. लाल मातीवर पागोळी पडली की भिंतीवर आणि पानांच्या पाठीवर लाल शिंतोडे, वर कडक पापुद्रा, आणि गाळ बसून तळाचं भोक बंद. भोकावर खापरी पालथी ठेवून तिच्यावर सोडणाचा बोटभर थर दिला की हे बरंचसं टळतं. कोकोपीटचं भोक सहसा बंद होत नाही, पण ते आपल्या वजनाच्या सात-आठ पट पाणी धरतं. जुलैत हवाच इतकी दमट की ते पाणी उडून जायला जागा नाही. पडवीतल्या कुंड्यांवर हिरवा थर आणि चिलटं, हे मी चारही वर्षं बघितलं. शिवाय कोकोपीटमध्ये स्वतःचं खाद्य जवळपास नसतं. घातलेलं खत पाऊस नेतो, आणि गणपतीपर्यंत मिरचीची पानं पिवळट होतात. पंधरवड्याला पातळ खत देत राहिलात तर तक्रार नाही. मला जमलं नाही, तुम्हाला जमेल.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. ज्याने माझा निर्णय झाला, ती गोष्ट एप्रिलमधली.

लग्नासाठी आम्ही आठ दिवस मुंबईला गेलो होतो. शेजारच्या काकू रोज सकाळी पाणी घालायच्या, एकही दिवस चुकवला नाही त्यांनी. परतलो तर मोगऱ्याच्या दोन कुंड्या मान टाकून बसलेल्या, कळ्या देठाशी वाळलेल्या. काकू म्हणाल्या, "अरे, खालच्या ताटलीत पाणी यायचं रोज, मला वाटलं पोचलं." त्यांचं बरोबरच होतं. मी बोट खुपसलं. वरचा पेरभर थर ओला आणि खाली मधोमध भुश्यासारखं कोरडं. कोकोपीट एकदा पार सुकलं की आकसतं, कुंडीची कड सोडतं आणि पाणी झिडकारतं. वरून ओतलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ ताटलीत. जाण्याआधीच्या दोन दिवसांच्या गडबडीत ती दोन झाडं तहानलेली राहिली असणार, आणि पुढचे आठ दिवस पाणी मुळांच्या बाजूने निघून गेलं.

उपाय आहे. कुंडी पाण्याच्या मोठ्या घमेल्यात बुडवायची. मी बुडवायला गेलो तर ती तरंगली! मोगऱ्यासकट तरंगत होती. वर चिरा ठेवून दाबली, अर्धा तास बुडबुडे येत राहिले, तेव्हा कुठे आत ओल पोचली. एक मोगरा वाचला. दुसरा आईने दापोलीहून आणलेला होता, तो गेला.

तेव्हापासून माझा कोकोपीटवरचा विश्वास उडाला तो उडालाच. त्याचं वरचं अंग आतलं खरं सांगत नाही. उन्हाळ्यात वर ओलं आणि आत कोरडं, पावसात पडवीत वर कोरडं आणि आत चिखल. लाल माती सुकली की भेगा पडतात, रंग फिका होतो, लांबून कळतं. पाणी घातलं की वर साचून थोडं थांबतं, मग हळूहळू मुरतं. घरात दुसरं कोणी पाणी घालणार असेल तर मला हे फार मोलाचं वाटतं. रोज स्वतःच्या हाताने, बोट घालून बघून पाणी देणाऱ्याला कदाचित हा त्रास कधीच होणार नाही, आणि त्याने माझ्या एका मोगऱ्यावरून कोकोपीट टाकून द्यावं असं मी म्हणणार नाही.

पण ज्याच्या खळ्यात लाल माती पडून आहे, परसात सोडणांचा ढीग आहे आणि गावात कोणाकडे तरी गुरं आहेत, त्याने वीट विकत घेण्याआधी एक पावसाळा मातीवर काढून बघावा. कुंड्या मेच्या मध्यात भरा, माती कोरडी असताना. पहिल्या सरींनंतर चाळायला गेलात तर चाळणीत गोळेच उरतात. शेणखत ओलं, वासाचं असेल तर थांबा, ते कुंडीत तापतं आणि हुमणीही घेऊन येतं.

कोकोपीटची अर्धी वीट अजून पडवीत आहे. दरवर्षी नागपंचमीच्या सुमारास मी तिच्यातून ओंजळभर काढतो, दोन पाणी बदलून धुतो (पहिलं पाणी काळ्या चहासारखं निघतं), आणि नारळाच्या करवंट्यांमध्ये मिरचीचं बी टाकतो. चार पानं फुटली की रोप लाल मातीत.