आवडत्या जुन्या हॉटेलात पुन्हा जावं का? आणि गेलात तर कधी, कोणाबरोबर?

एखादं हॉटेल कधीकाळी आपलं असतं. मालक स्वतः गल्ल्यावर, आचारी एकच, टेबलं मोजकी. मग काही कारणाने जाणं सुटतं. वर्षं उलटतात आणि अचानक एक मोकळी दुपार हाती येते. आता तिथेच जावं की नवीन ठिकाण बघावं? दोन्ही करून झाल्यावर माझं मत बऱ्यापैकी पक्कं झालं आहे, ते इथे मांडतो.

नव्या जागेची बाजू आधी. तिथे आपण कोऱ्या मनाने बसतो. जेवण बरं झालं तरी समाधान मिळतं, कारण तुलनेला काहीच नसतं. जुन्या जागेची गाठ आपल्या आठवणीशी असते आणि आठवण सरासरी काढत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग केला होता. माणसांना एकदा ६० सेकंद १४ अंशांच्या गार पाण्यात हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, फक्त त्या शेवटच्या भागात पाणी अंशभर कोमट होत गेलं. पुन्हा करायचं तर कोणता प्रकार हवा, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळ चाललेला दुसरा प्रकार निवडला. मनात राहतो तो सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट. किती वेळ गेला याचा हिशेब राहत नाही. त्या हॉटेलात आपण पन्नास वेळा जेवलो असू, पण लक्षात आहेत त्या चार-पाच भन्नाट दुपारी. आजच्या एका साध्या जेवणाला त्या चार-पाच दुपारींसमोर उभं करणं त्या जागेवर अन्याय आहे. हे मनाशी कबूल करता येत असेल तर जा. निव्वळ चवीची हौस असेल तर नवीन ठिकाणच बरं.

जुन्या जागेकडे मात्र एक गोष्ट अशी आहे जी नव्याला आणता येत नाही. दार ढकललं की येणारा वास. बाकीच्या ज्ञानेंद्रियांचे संदेश मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या थांब्यावर जातात. वासाची वाट मात्र थेट भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांशी जुळलेली असते. म्हणूनच दारातल्या दारात गळा दाटून येतो, अजून पाण्याचा ग्लासही समोर आलेला नसताना. माझ्यासाठी एवढं कारण पुरेसं असतं.

निघण्यापूर्वी एक फोन जरूर करा. मोठ्या साखळीतल्या हॉटेलात पाककृती लिहिलेली असते, मापं ठरलेली असतात, त्यामुळे आचारी आला-गेला तरी चव फारशी हलत नाही. एकट्याच्या हॉटेलात चव हाताची असते. मालक बदलला पण आचारी तोच आहे? बिनधास्त जा. आचारी गेला, मालक आहे? तरी जा, फक्त मागवताना जरा सांभाळून. दोघंही गेले आणि पाटी तेवढी उरली असेल तर ते नवीन हॉटेल समजावं आणि त्याच मनाने बसावं.

दुपार की रात्र, यात मी डोळे मिटून दुपार म्हणेन. रात्री गलका असतो, आणि गलका नुसता कानांनाच त्रास देत नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की विमानातल्यासारख्या मोठ्या आवाजात गोड चव मंद लागते. रात्री टेबलासाठी दारात माणसं ताटकळत असतात, त्यांच्याकडे बघत निवांत कसं बसणार? दुपारी उजेड असतो, बोललेलं ऐकू येतं, वेटरला दोन शब्द बोलायला सवड असते.

पण दुपारचीही एक मेख आहे. बरीच छोटी हॉटेलं दुपार आणि रात्र यांच्यामध्ये भटारखाना बंद ठेवतात. त्या वेळात तिथली माणसं स्वतः जेवतात, पाठ टेकतात, रात्रीची तयारी करतात. बंद व्हायला वीस मिनिटं असताना जाऊन ‘आम्हाला काही घाई नाही’ म्हणणं म्हणजे त्यांच्या विश्रांतीवर बसणं. भटारखाना कधी बंद होतो ते त्याच फोनवर विचारा आणि दीड-दोन तास आधी पोहोचा. आठवड्यातला कामाचा दिवस असेल तर उत्तम. ऑफिसची गर्दी ओसरू लागते तेव्हा सगळ्यात छान टेबल मिळतं. सुट्टीच्या दिवशी हे सुख नाही, एवढंच म्हणतो.

कोणाबरोबर जायचं? पूर्वी जे बरोबर असायचे ते मिळाले तर त्यांच्याइतकं चांगलं कोणी नाही. नवीन माणसाला नेलं की आपण ‘इथे ना, पूर्वी…’ सुरू करतो आणि त्याच्या ताटातलं गार होतं. एकट्याने गेलं की जेवण पंधरा मिनिटांत आटोपतं, निदान माझं तरी.

मागवायचं काय, याचा मी सर्वांत जास्त विचार केला आहे. जुना लाडका पदार्थ, की आज तिथे जे चांगलं होतं ते? दोन्ही घ्या, पण लाडका आधी आणि थोडाच. तो मनासारखा लागला तर आनंदच. नाही लागला तर लगेच ‘हात बदलला’ म्हणू नका. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो आणि वयानुसार वास घेण्याची शक्ती मंदावते. बदल आपल्यातही झालेला असू शकतो. मग वेटरला विचारा, ‘आज काय छान झालंय?’ आणि सगळं एकदम सांगू नका. ‘पुढचं थोड्या वेळाने सांगतो’ एवढं म्हटलं की भटारखानाही घाई करत नाही. मन भरेल असा पदार्थ शेवटी ठेवा.

मागच्या खेपेला मी असाच गेलो होतो. टेबलाच्या कडेचा लाकडी पापुद्रा पूर्वी जिथे उचकटलेला होता, तिथे आता पितळी पट्टी ठोकलेली होती. पाणी ठेवताना वेटर थबकला. ‘तुम्ही खिडकीपाशी बसायचात ना?’ माझा लाडका पदार्थ मात्र फिका लागला. बिल टेबलावर न मागवता मी गल्ल्यापाशी गेलो आणि मालकांना हळूच तसं सांगितलं. मोठ्या साखळीत असं सांगायला समोर माणूसच नसतो. ते म्हणाले, ‘जुना आचारी गेला. त्याच्या हाताखालचा मुलगा करतो आता. अजून हात बसतोय त्याचा.’ त्यांनी त्याला बाहेर बोलावलं. तो हात पुसत आला आणि काय कमी पडलं ते त्याने नीट विचारून घेतलं.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो. दुपारीच, खिडकीपाशी.