जुने ॲडव्हेंचर गेम: पेन ड्राइव्हवरची कॉपी, स्टीम, गॉग की फुकटातली अधिकृत?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर गेला की दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. अशा वेळी घरातल्या जुन्या लॅपटॉपवर मंकी आयलंड किंवा किंग्ज क्वेस्टसारखा, कोडी सोडवत पुढे सरकणारा गेम लावायचा असेल तर तो मिळवायच्या चार वाटा आहेत. ओळखीच्या दुकानदाराकडून किंवा मित्राकडून पेन ड्राइव्हवर आणलेली कॉपी, स्टीम आणि गॉग ही गेमची ऑनलाइन दुकानं, आणि कंपन्यांनी स्वतःच मोफत करून टाकलेले गेम. निकाल आधीच सांगतो: नीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी पेन ड्राइव्हवरची कॉपी या चौघांत सगळ्यात डोकेदुखीची आहे.

कारण या गेमांच्या घडणीतच आहे. ॲडव्हेंचर गेम म्हणजे एक गोष्ट. एकदा सुटली की संपली. त्यात दुसऱ्या खेळाडूची गरज नाही, म्हणून सर्व्हरवर सीडी-की (सीडीबरोबर मिळणारा कोड) तपासण्याची सोयही नाही. त्यामुळे कंपन्यांनी कॉपी रोखायचं कुलूप घातलं ते कागदात. १९८६ च्या किंग्ज क्वेस्ट ३ मधले मंत्र छापील पुस्तिकेत होते. ते अक्षरन् अक्षर तसेच टाइप करावे लागत. चूक झाली की नायक मेला. १९९० च्या मंकी आयलंडबरोबर पुठ्ठ्याची फिरती चकती यायची. चाच्याचा वरचा अर्धा चेहरा खालच्या अर्ध्याशी जुळवायचा, खिडकीतलं साल वाचायचं, ते टाकलं की गेम उघडायचा. किंग्ज क्वेस्ट ६ मध्ये तर कड्यावर चढायची कोडीच पुस्तिकेतून सुटतात. दुकानातल्या पेन ड्राइव्हमध्ये ही पुस्तिका बहुधा नसते. मग चार दिवस खेळून मूल त्या कड्यापाशी अडकतं आणि आपण त्याला ‘डोकं लाव’ म्हणत बसतो.

पायरसीनंच हे गेम मारले, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. नुकसान झालं यात वाद नाही, पण डूमसारखे गोळीबाराचे गेमही तितकेच कॉपी होत होते आणि तरी फोफावले. डूम आणि कोड्यांचा मिस्ट दोन्ही १९९३ चे. मिस्टच्या लाखो सीडी खपल्या, पण पुढे गर्दी डूमच्या वाटेनं गेली. थ्रीडीमुळे खर्च वाढला आणि त्या मानानं गिऱ्हाईक वाढलं नाही. १९९८ च्या ग्रिम फँडँगोचं समीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं, खप मात्र जेमतेम झाला. किंग्ज क्वेस्ट काढणाऱ्या सिएरानं फेब्रुवारी १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातला ओकहर्स्टचा स्टुडिओ बंद केला. २००४ मध्ये मंकी आयलंडवाल्या लुकासआर्ट्सनं सॅम अँड मॅक्सचा नवा भाग अर्ध्यावरच गुंडाळला. कोड्यांचाही दोष होताच. गेब्रिएल नाइट ३ मध्ये मांजराच्या केसांची खोटी मिशी करायची असते, तीही ज्याचं सोंग घ्यायचं त्याला मिशीच नसताना. असलं कोडं कुणाला सुचावं! आपल्याकडच्या सायबर कॅफेत तर तासावर पैसे. अर्धा तास नुसता विचार करायला लावणारा गेम तिथे कोण खेळणार? तिथे कॅफेतल्या जोडलेल्या संगणकांवर (लॅनवर) गोळीबाराचा काउंटर-स्ट्राइकच चालायचा.

पायरसीवरचा इलाज मात्र भलत्याच्याच अंगाशी आला. मूळ सीडी ओळखणारं सेफडिस्क नावाचं कुलूप विंडोज १० नं २०१५ मध्ये बंद केलं, कारण त्याचा ड्रायव्हर धोकादायक होता. परिणाम असा की पैसे मोजून घेतलेली अस्सल सीडी आज चालत नाही आणि कुलूप तोडलेली (क्रॅक केलेली) चालते. चोर सोडून संन्याशाला फाशी.

आता एकेक पर्याय.

पेन ड्राइव्हवरची कॉपी. पहिल्यांदा फाइलचा आकार बघा. फ्लॉपीवरचा मंकी आयलंड १० एमबीच्या आत मावतो. त्याच नावाचा ३०० एमबीचा सेटअप कुणी दिला आणि वर ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगितलं, तर हात लावू नका. या गेमांना सेटअप लागतच नाही, खाली सांगितलेल्या स्कमव्हीएम प्रोग्रामला नुसत्या डेटा फाइल पुरतात. दुसरी खोट आवाजाची. आकार कमी करायला कॉपी करणारे संवादांची फाइल उडवतात. डे ऑफ द टेंटॅकल किंवा सॅम अँड मॅक्सच्या फोल्डरमध्ये मॉन्स्टर.एसओयू नसेल तर पात्रं फक्त ओठ हलवतील. कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट कायद्याचं कलम ६३-बी जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यालाही लागू होतं. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, पण ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं.

स्टीम. इथे किंमत रुपयांत आणि पैसे यूपीआयनं, त्यामुळे घ्यायला सगळ्यात सोपं. न आवडल्यास १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. अडचण दोन ठिकाणी येते. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमनं विंडोज ७ आणि ८ चा आधार काढला, म्हणजे नेमका तो जुना लॅपटॉप बाद. शिवाय बरेच गेम स्टीममधूनच उघडतात. ऑफलाइन मोड आहे, पण तो नेट असतानाच लॉगिन करून, गेम एकदा उघडून तयार ठेवावा लागतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे, जिथे रेंज टेकडी बघून येते, तिथे हे लक्षात ठेवा.

गॉग. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टनं २००८ मध्ये सुरू केलेलं दुकान. ही मंडळी पायरेटेड सीडींनी भरलेल्या बाजारातच वाढलेली. १९९९ मध्ये त्यांनी बाल्डर्स गेट हा गेम पोलिश आवाजांत, नकाशासह भरगच्च खोक्यात विकला आणि लोकांनी तो विकत घेतला. तोच हिशोब गॉगवर: कुलूप नाही, वर पुस्तिकेची पीडीएफ. लायब्ररीत ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवा आणि जपून ठेवा. मोठ्या गेमचे तुकडे .बिन फाइलींत येतात. ते .एक्सईच्याच फोल्डरमध्ये हवेत, एक राहिला तरी इन्स्टॉलेशन मध्येच थांबतं. पैसे परत घ्यायची मुदत ३० दिवस. डेबिट कार्ड चाललं नाही तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असेल, तो सुरू करा. रक्कम परकीय चलनात कापली गेली तर बँक वर थोडं शुल्क लावते.

विकत घ्यायचाच असेल आणि मशीन जुनं असेल, तर गॉग. नवं मशीन आणि हाती फक्त यूपीआय असेल, तर स्टीम.

पण सुरुवात चौथ्या वाटेनं करा, तिला छदामही लागत नाही. स्कमव्हीएम हा जुने ॲडव्हेंचर गेम आजच्या मशीनवर चालवणारा, २००१ पासून चालू असलेला मोफत प्रोग्राम आहे. त्याच्या साइटवर बिनीथ अ स्टील स्काय, फ्लाइट ऑफ द ॲमेझॉन क्वीन, लुअर ऑफ द टेम्प्ट्रेस हे गेम परवानगीनं ठेवलेत. स्टील स्कायची सीडी आवृत्ती ७० एमबीच्या आसपास, मोबाइल डेटावरही उतरते. झिप आधी उलगडा (इथेच बहुतेक जण चुकतात), मग ‘ॲड गेम’ दाबून फाइल नाही, अख्खा फोल्डर निवडा. मराठी माध्यमाच्या मुलासाठी ऑडिओ सेटिंगमध्ये आवाज आणि सबटायटल दोन्ही चालू करा आणि मजकुराचा वेग कमी ठेवा. वाचत ऐकलं की इंग्रजी संवाद पकडता येतात. लाइट जाण्याची भीती असेल तरी स्कमव्हीएम दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह करतो. हातानं करायचं तर कंट्रोल आणि एफ५ दाबून मेनू उघडा. गॉगवर घेतलेल्या बऱ्याच जुन्या गेमांचा फोल्डरही इथेच जोडता येतो. तेच फोल्डर अँड्रॉइड फोनवरच्या स्कमव्हीएममध्ये जोडले की लॅपटॉप तापून बंद पडला तरी गेम फोनवर चालतो.