मशरूम बायबॅकमध्ये ७०,२०० गेले, घरात रिकामी खोली असणाऱ्यांनी नक्की वाचा

"तुम्ही घरात पिकवा, सगळा माल आम्ही उचलतो" असं कोणी म्हणालं की तिथून सरळ उठा. बायबॅक काय प्रकार असतो ते सगळ्यांना माहीत आहे, इमू झाले, कडकनाथ झाले, आता धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम. मलाही माहीत होतं. कडकनाथच्या वेळी भावकीतल्यांना मीच शहाणपण शिकवलं होतं, त्यामुळे "एवढी शिकलेली असून" वगैरे प्लीज नको, ते घरात रोज ऐकतेय.

हिशोब सांगते. रजिस्ट्रेशन २,५००. ट्रेनिंग ४,५००. सेटअप ३२,०००, म्हणजे पेंढा आणि मशरूमचं बियाणं भरलेल्या ४० बॅगा, लोखंडी रॅक, फवारा पंप आणि आर्द्रता मोजायचं मीटर. डिपॉझिट १५,०००, "वर्षाने परत". नंतर दुसऱ्या लॉटच्या बॅगा १८,०००. एकूण ७२,०००. कंपनीकडून आले १,८००, पहिल्या सहा किलोचे, ३०० रुपये किलोने. ते १,८०० माल नेल्याच्या संध्याकाळीच खात्यात आले आणि त्या जोरावरच मी १८,००० चा चेक फाडला. पहिलं पेमेंट वेळेवर येतंच हो, तेच तर आमिष असतं.

झोप उडते ती त्यांचं ऑफिस आठवून. एसी, सोफा, भिंतीवर पुढाऱ्यांसोबतचे फोटो, काचेच्या कपाटात ट्रॉफ्या. आणि मशरूम? एकही नाही. शेकडो लोकांचा माल उचलतो म्हणतात आणि तिथे एक क्रेट नाही, वजनकाटा नाही, साधा फ्रीजसुद्धा नाही! धिंगरी बाहेर राहिली तर एक-दोन दिवसांत मऊ पडते, वास मारते, हे मला त्यांनीच त्याच दिवशी ट्रेनिंगमध्ये शिकवलं, त्याच सोफ्यावर बसून मी वहीत लिहून घेतलं. मी विचारलंही बरं का, माल कुठे ठेवता म्हणून. "ताई, माल थेट हॉटेलला जातो." झालं समाधान. बाजारात तयार पाकीट ज्या भावात मिळतं त्याहून जास्त भाव हे मला का देतील, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता.

पण मला सांगा, पैसे चेकने दिले, पावती घेतली, स्टॅम्पपेपरवर करार केला, अजून काय करायचं माणसाने? सासूबाईंना एकटं सोडून नोकरीला जाता येत नाही, फ्लॅटला ना अंगण ना गच्ची, एक खोली तेवढी रिकामी. असंच गिऱ्हाईक त्यांना हवं असतं.

पीक आलं नाही असं नाही, छान आलं. बॅगा पांढऱ्याशुभ्र झाल्या, भोकांतून गुच्छ फुटले. धिंगरी टोपीची कड वर वळायच्या आत काढावी लागते. त्यांचा हुकूम असा की गाडी येईल त्याच दिवशी काढायची, आणि गाडी मुद्दाम दोन दिवस उशिरा. मग गाडीवरचा पोरगा गुच्छ हातात घेऊन म्हणणार, "कड वळलीय, ए ग्रेड नाही, रिजेक्ट." करारात 'ए ग्रेड' आहे, ए ग्रेड म्हणजे काय ते कुठेच नाही. दुसऱ्या लॉटच्या बॅगा तर आतून हिरव्या बुरशीने भरल्या, पेंढा नीट उकळलेलाच नव्हता. फोन केला तर "तुमची स्वच्छता कमी पडली". वर रॅकवर पांढरी पावडर साठायला लागली, ते मशरूमचे बीजाणू, बंद घरात त्याने खोकला धरतो हे ट्रेनिंगमध्ये कोणी बोललं नाही. सासूबाईंना धरला. डॉक्टरांची फी वरच्या हिशोबात नाही.

आता तक्रारीचं ऐका. जवळच्या पोलिस चौकीत म्हणाले ऑफिस ज्या हद्दीत तिथे जा, तिथे गेले तर साहेब बंदोबस्तावर, साहेब भेटले तर "मॅडम, सही तुमचीच आहे ना, हे सिव्हिल मॅटर, वकील करा", अर्ज घ्या आणि पोच द्या म्हटलं तर पोच द्यायला शिक्का सापडेना, कृषी खात्याच्या ऑफिसात गेले तर "आम्ही अनुदानाचं बघतो, फसवणुकीचं नाही", आणि एक महाशय तर हसून म्हणाले की राहिलेल्या मशरूमची भाजी करायची ना. भाजी! ७०,२०० ची! कंपनीचं ऑफिस तोवर रिकामं, वॉचमन म्हणतो भाडंही थकवून गेले.

वकिलाकडून एक कळलं, धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, २०१९ च्या ग्राहक कायद्यात पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेलं ग्राहकातच धरलं जातं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आठवडा घालवू नका. पोलिसांत लेखीच द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. मशरूम करायचंच असेल तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचं, म्हणजे मशरूमचं केंद्र आहे, तिथे शिका, चार बॅगा स्वतः भरा, शेजारपाजारी विकून बघा. डिपॉझिट मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

आणि हो, परवा त्या कंपनीचाच माणूस फेसबुकवर दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत दिसला. यावेळी "एका खोलीत केशर, कंद आमचे, खरेदी आमची". एक ग्रॅम केशराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. कोणी फोन करणार असाल तर गेल्या वर्षी किती ग्रॅम घेतलं आणि कोणाला विकलं त्याची बिलं मागा, बघा काय म्हणतो ते.