फुल ऑप्शन स्पोर्ट्स सेडान विकायची: डीलरला, एक्स्चेंजमध्ये की थेट?

लातूर-नांदेडकडे महागड्या गाडीचे पैसे मोजणाऱ्या माणसाला बहुतेकदा उंच डिझेल गाडी हवी असते. त्यामुळे बीएमडब्ल्यू ३३०आय एम स्पोर्टसारखी पेट्रोल सेडान असेल, तर कुठे विकता यावरच भाव ठरतो.

डीलर मॉडेल, वर्ष, किलोमीटर आणि कितवा मालक एवढंच बघतो. हेड-अप डिस्प्ले (समोरच्या काचेवर वेग दाखवणारा), हरमन कार्डनची म्युझिक सिस्टीम, अ‍ॅडाप्टिव्ह (रस्त्याप्रमाणे बदलणारं) सस्पेन्शन याचे तो फारसे पैसे धरत नाही. इंजिन रीमॅप (ताकद वाढवायला सॉफ्टवेअर बदललेलं) असेल तर मात्र भाव कापतो. कारण उघड आहे, त्याला गाडी लवकर हलवायची असते. मात्र एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार आरटीओचं अधिकारपत्र असलेल्या डीलरला फॉर्म २९सी भरून गाडी दिली, की पुढची जबाबदारी त्याची. अधिकारपत्र नसेल तर नुसत्या सह्या केलेल्या टीटी फॉर्मवर (मालकी बदलाचे फॉर्म २९, ३०) गाडी सोडू नका. २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार अपघाताची भरपाई आरसीवर नाव असलेल्याच्याच गळ्यात पडते.

एक्स्चेंज नवी गाडी घेणार असाल तरच. आधी एक्स्चेंजशिवायची सूट विचारा, मग जुनीचा भाव. नाहीतर बोनस एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेतात.

ऑप्शनचे पैसे हवे असतील तर थेट विक्री, आणि जाहिरात पुणे-मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी. राज्यातच विकली तर रोड टॅक्स पुन्हा लागत नाही. परराज्यात फॉर्म २८ची एनओसी आणि तिथला टॅक्स. चॅसिस नंबरवरून ऑप्शनची छापील यादी, पूर्ण सर्व्हिस हिस्ट्री, दोन्ही चाव्या आणि गाडीच्या कॉम्प्युटरचा ताजा स्कॅन रिपोर्ट तयार ठेवा. गाडी लिफ्टवर घेऊन खालचे फोटो काढा: आपल्याकडचे गतिरोधक बघता अंडरगार्ड घासलेला नाही ना, हेच जाणकार आधी विचारतो. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. जुने रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे टायर) दिसले की चारही टायरांचा खर्च तो भावातून वजा करतो.

कर्ज फिटलं असलं तरी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवा, थकीत चलानं भरा. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच. पैसे खात्यात दिसल्यावरच फॉर्म २९, ३० वर सह्या करा. डिलिव्हरी पावतीवर तारीख आणि वेळ लिहा, फास्टॅग बंद करा. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा: विमा कंपनीकडून पत्र घ्या, ३ वर्षांत नव्या गाडीला वापरता येतो.