आर्वी रोडवरचं गॅरेज: कार्बोरेटरवाली जुनी मारुती ८०० असेल तर इथंच न्या

आमच्या घरी बाबांची १९९२ ची मारुती ८०० आहे, चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा खटका) ओढून सुरू करायची, ती पेरणीपासून गोठ्याच्या बाजूला उभीच होती आन् दिवाळीत काढायला गेलो तर सेल्फ मस्त फिरून राहिला पण इंजिन काही पकडत नाही. एका मेकॅनिकनं बोनेट उघडून उभ्याउभ्याच सांगितलं की कार्बोरेटर (पेट्रोलात हवा मिसळून इंजिनाला देतो तो) गेला, नवा टाका. काहून गेला, काय गेलं, काही नाही. मग ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी पुलगाव-आर्वी रोडवरच्या या गॅरेजात नेली. बोर्ड-बिर्ड काही नाही, टिनाचं शेड आहे, समोर बाभळीखाली दोन जुन्या जीपा दिसल्या की तेच.

मिस्त्रीनं कार्बोरेटरला हातच लावला नाही राजेहो. आधी एक प्लग काढला, वायरीला लावला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आन् मला म्हणे, "भाऊ, सेल्फ मारजो." निळी, कडक ठिणगी. पिवळी, मरतुकडी पडली असती तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल हे ठिणगी बनवणारं सामान पाहावं लागते म्हणे, आन् पावसाळ्यात तर डिस्ट्रिब्यूटरचं (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देतो तो) झाकण काढून कोरड्या कपड्यानं पुसलं तरी कित्येक गाड्या चालू होतात. काढलेला प्लग कोरडा ठणठणीत होता. एवढा चोक ओढून, एवढा सेल्फ मारून प्लग ओला नाही, म्हणजे पेट्रोल वरपर्यंत येतच नाही.

मग एअर फिल्टर काढून मला कार्बोरेटरच्या तोंडात पाहायला लावलं. हातानं एक्सिलेटरची तार ओढली की आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला पाहिजे, इथं एक थेंब नाही. झाकणीभर पेट्रोल वरून टाकलं, बाटली बंद करून दूर नेऊन ठेवली (हे मी मुद्दाम लिहून राहिलो, लोक उघडी बाटली हातात धरूनच सेल्फ मारतात), गाडी भुर्रकन चालू झाली आन् लगेच बंद. म्हणजे इंजिन ठीक, ठिणगी ठीक. मग गाडीतल्या पेट्रोल पंपाकडून (टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देतो तो) येणारा पाइप काढून रिकाम्या बाटलीत सोडला तर नुसते बुडबुडे.

पंप बदलायला सांगतील असं मला वाटलं होतं पण ते गाडीखाली घुसले. मागं टाकीजवळचा रबरी पाइप कडक होऊन तडकला होता. खाली थेंबही पडत नव्हता कारण तिथून पंप पेट्रोल ओढतो, त्यामुळं फटीतून पेट्रोल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. पाइप आन् फिल्टर नवीन टाकला, मग कार्बोरेटर उघडला तो फक्त साफ करायला, फ्लोटच्या भांड्यात (आतलं पेट्रोल साठते तिथं) पिवळा चिकट थर बसला होता, पेट्रोल आत सोडणारी सुई अडकून राहिली होती.

आता बहुतेक पेट्रोल भरायच्या पंपांवर ई२० च (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळते. एप्रिल २०२३ पासून नवीन गाड्या त्या हिशोबानं बनवून राहिले, पण आपल्या जुन्या गाडीचं रबर त्यासाठी नाही, आन् इथेनॉल हवेतलं पाणी ओढते, म्हणून चार महिने टाकी भरून गाडी उभी ठेवू नका असं त्यांनी बजावलं. पाइपही इथेनॉल चालणाराच टाकला, थोडा महाग पडतो.

सामान-मजुरी धरून साडेपाचशे रुपये. नवा कार्बोरेटर घेतला असता तर हजारोंत गेलो असतो आन् गाडी तरी बंदच राहिली असती.

आता तक्रारी. पक्कं बिल देत नाहीत. फोनवर काहीच सांगत नाहीत, "गाडी आणा मग पाहू" एवढंच. पार्ट लागला तर वर्ध्याहून येईपर्यंत गाडी तिथंच पडून राहते, आन् मधातच कोणाचा ट्रॅक्टर आला की तुमचं काम बाजूला, सोयाबीनच्या सीझनला तर विचारूच नका. बसायला एक मोडका बाक आहे, तोही दुपारी उन्हात येते.

उन्हाळ्यात ४५ डिग्रीत गाडी गरम होऊन बंद पडते, थोड्या वेळानं आपोआप चालू होते, असं असेल तर आधी बोनेटखालच्या, गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओला कपडा टाकून पाहा. तेवढ्यासाठी गाडी ओढत आणायची गरज नाही, असं मिस्त्री स्वतःच सांगतात.